देव्हाऱ्यातून दिसणारी वाट : यवतमाळ जिल्ह्यातील बंजारा कुळांच्या पूर्वजांचा शोध

यवतमाळ जिल्ह्यातील पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी, महागाव आणि उमरखेड या तालुक्यांत मूळ गावठाणापासून थोड्या अंतरावर, बहुधा माळावर किंवा टेकडीच्या उतारावर, बंजारा समाजाच्या वस्त्या आहेत. या वस्त्यांना आजही तांडा म्हटले जाते. लदेणीच्या, म्हणजे पाठीवर माल लादून नेणाऱ्या बैलांच्या काफिल्याला पूर्वी जे नाव होते, तेच काफिला थांबल्यावर त्याच्या वस्तीला राहिले. या तांड्यांतील कुळे आपल्या पूर्वजांचे मूळ राजस्थानात सांगतात, बोली गोरमाटी बोलतात, आडनाव राठोड, पवार, चव्हाण किंवा जाधव असे लावतात आणि त्यांच्या प्रार्थनेत पंजाबच्या गुरू नानकांपासून तिरुपतीच्या बालाजीपर्यंतची दैवते येतात. असा पूर्वज कोणत्या वाटेने, कोणत्या काळात आणि कोणत्या श्रद्धा बरोबर घेऊन वऱ्हाडात आला, हा प्रश्न केवळ घराण्याच्या अभिमानाचा नाही. ज्या समाजाने दख्खनच्या व्यापाराचा आणि लष्करी रसदीचा भार काही शतके वाहिला, त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक सर्व बाहेरचे होते, आणि म्हणून त्या समाजाचा इतिहास उभा करताना पूर्वजशोध हे गंभीर साधन ठरते.

पूर्वजाचे स्थलांतर आणि त्याचा धर्मसंबंध यांचा एकत्र शोध घेण्याची पद्धत ज्या देशांत चांगली रुजली, त्यांत अमेरिका अग्रणी आहे. १६२० मध्ये प्लिमथला उतरलेल्या वसाहतकारांतील धार्मिक गट त्याआधी हॉलंडमधील लायडन शहरात राहत होता. १६३४ पासून मेरीलँडमध्ये इंग्रज कॅथलिकांना आश्रय मिळाला. आणि १६८१ मध्ये विल्यम पेनला मिळालेल्या सनदेनंतर पेनसिल्व्हेनियात क्वेकर पंथाचे लोक मोठ्या संख्येने आले. क्वेकर, म्हणजे स्वतःला 'मित्रसमाज' म्हणवणारा ख्रिस्ती पंथ, दरमहा स्थानिक सभा भरवत असे आणि एखादे कुटुंब दुसरीकडे जाऊ लागले की ते सभासद आहे व त्याचे वर्तन चांगले आहे असा दाखला देत असे. नव्या ठिकाणची सभा तो दाखला आपल्या वहीत उतरवून घेई. त्यामुळे ज्या कुटुंबाची जहाजावरची नोंद हरवली आहे, त्याचाही प्रवास दोन सभांच्या वह्यांतून शोधता येतो. पुढे १८४५ मध्ये बोस्टन येथे न्यू इंग्लंडच्या वंशेतिहासासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि अशा नोंदींचा अभ्यास शिस्तबद्ध झाला. ही नोंदवहीची परंपरा यवतमाळलाही अपरिचित नव्हती, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील फ्री मेथॉडिस्ट पंथाच्या मिशनने या भागात काम सुरू केले होते. तांड्याची स्थिती मात्र वेगळी होती. तेथे धर्मसंबंध सांगणारी वही नव्हती, आणि तरीही धर्मसंबंधाची स्मृती टिकली, कारण ती गायकाच्या कंठात, वस्तीतील ध्वजांत आणि प्रार्थनेतील नामावळीत राहिली.

यवतमाळच्या तांड्यांतील पूर्वजांचा शोध त्यामुळे तीन साधनांवर उभा राहतो. पहिले साधन म्हणजे कुळाची मौखिक वंशावळी. दुसरे, कुळाची दैवते आणि त्यांची स्थाने. आणि तिसरे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून निर्माण झालेली सरकारी कागदपत्रे. यांपैकी कोणतेही एक साधन स्वयंपूर्ण नाही. वंशावळी नावे देते पण सन देत नाही, कागद सन देतो पण तो पूर्वज स्थिर झाल्यानंतरच सुरू होतो, आणि दैवतांची नामावळी या दोहोंच्या पलीकडे जाऊन पूर्वजाचा ज्या प्रदेशांशी संबंध आला त्यांची खूण ठेवते. ही तीन साधने एकमेकांवर पारखून घेतली, तर नोंदवहीच्या अभावीही पूर्वजाची वाट बऱ्याच अंशी उलगडते.

या शोधाची पार्श्वभूमी म्हणून लदेणीचा व्यवसाय समजून घेणे आवश्यक आहे. चाकांच्या गाड्या जाऊ शकतील असे रस्ते जेथे नव्हते, तेथे धान्य आणि मीठ यांची मोठी वाहतूक बैलांच्या पाठीवरून होत असे. किनाऱ्यावरून मीठ आत आणायचे आणि आतल्या प्रदेशातील धान्य बाजारपेठांकडे किंवा लष्कराच्या छावणीकडे न्यायचे, हा तांड्याचा मुख्य क्रम होता, आणि मिठाच्या या वाहतुकीमुळेच समाजाला लमाण, लंबाडी व लभाण ही नावे मिळाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. मुसलमानी इतिहासग्रंथांतील बंजाऱ्यांचा पहिला स्पष्ट उल्लेख १५०४ मधील सिकंदर लोदीच्या धौलपूरवरील स्वारीच्या संदर्भात येतो, असे मध्य प्रांतातील जातिजमातींवर लिहिणाऱ्या रसेल आणि हिरालाल यांनी नोंदवले आहे. बादशहा जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात, हजारांच्या संख्येने बैल बाळगून खेड्यांतील धान्य शहरांत आणणारा आणि फौजेबरोबर चालणारा वर्ग म्हणून त्यांचे वर्णन केले आहे. १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला वाटेत धान्याने लादलेल्या सुमारे १४,००० बैलांचा तांडा भेटला होता. एवढा मोठा काफिला दिवसाला जेमतेम सहा-सात मैल चालत असे, कारण बैलांना चरण्यासाठी आणि पाण्यासाठी वेळ द्यावा लागे. या मंद गतीमुळे तांड्याचा प्रवास हा त्याचा संसारच होता. बायका-मुले, घरातील देव आणि कुळाचे गायक हे सर्व त्याच्याबरोबर चालत.

वऱ्हाडातील बंजाऱ्यांच्या आगमनाविषयीची सर्वांत प्रसिद्ध परंपरा आसफ नावाच्या सेनापतीच्या स्वारीशी जोडलेली आहे. या परंपरेनुसार राठोड कुळातील जंगी आणि भंगी हे दोन नाईक १,८०,००० बैलांसह आणि वडतिया कुळातील भगवानदास नाईक ५२,००० बैलांसह आसफच्या फौजेची रसद घेऊन दख्खनमध्ये उतरले. फौजेच्या वेगाने चालताना बैलांना चारा-पाणी मिळत नाही अशी तक्रार नाईकांनी केली, तेव्हा त्यांना सोन्याच्या अक्षरांत कोरलेला ताम्रपट मिळाला आणि त्याद्वारे लोकांच्या घरातील रांजणाचे पाणी व छपराचे गवत घेण्याची मुभा, तसेच दिवसाला तीन खुनांची माफी देण्यात आली, असे सांगितले जाते. वऱ्हाड पोलिस दलातील कंबरलेज या अधिकाऱ्याने ही परंपरा नोंदवली. त्याचा निबंध १८६९ च्या सुमारास प्रथम लिहिला गेला असावा. तो १८८२ मध्ये पुन्हा छापला गेला, आणि १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील चार खंडांच्या ग्रंथाने बंजाऱ्यांची माहिती देताना मुख्यतः त्याचाच आधार घेतला.

ही परंपरा इतिहास म्हणून वापरण्यापूर्वी तिच्यातील नावाकडे बारकाईने पाहावे लागते. नूरजहानचा भाऊ आणि शाहजहानचा वजीर आसफ खान याने १६३१ मध्ये विजापूरला वेढा घातला होता, आणि १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळात रसद तुटल्यामुळे तो वेढा उठवावा लागला होता. बैलांवरच फौजेचा जीव अवलंबून असताना नाईकांना असामान्य सवलती मिळाल्या, हे सांगणे या प्रसंगाशी सुसंगत आहे. परंतु हैदराबादच्या निजामाचा मूळपुरुष निजामुल्मुल्क याला आसफजाह ही पदवी १७२५ मध्ये मिळाली, आणि हा ताम्रपट हैदराबादेतील एका वंशजाकडे असल्याचे परंपरा सांगते. म्हणजे एकाच नावाच्या आड जवळजवळ शंभर वर्षांच्या अंतराने होऊन गेलेल्या दोन व्यक्ती उभ्या आहेत, आणि पुढच्या पिढ्यांनी पहिल्या आसफची कथा दुसऱ्याच्या दरबाराशी जोडली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. अभ्यासकाने म्हणून एवढेच विधान करणे योग्य ठरते की राठोड आणि वडतिया कुळांतील मोठे तांडे मोगलांच्या दख्खन मोहिमांच्या निमित्ताने दक्षिणेत आले, अशी स्मृती या समाजात दृढ आहे. प्रत्येक राठोड कुटुंबाचा पूर्वज त्याच तांड्यात होता, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तांडे पुढेही येत-जात राहिले. १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली वऱ्हाडातील अडगाव आणि गाविलगड येथे लढला, तेव्हा त्याच्या फौजेची रसदही बंजाऱ्यांच्या बैलांवर होती.

वंशावळीचा गाभा म्हणजे गोत्र आणि पाडा यांची व्यवस्था. कंबरलेजने वऱ्हाडातील बंजाऱ्यांचे मथुरिया, लभाण, चारण आणि ढाडी असे चार विभाग सांगितले असून यवतमाळच्या तांड्यांतील बहुसंख्य कुळे चारण विभागात मोडतात. या विभागात राठोड, पवार, चव्हाण, वडतिया म्हणजेच जाधव, आणि तुरी अशी मुख्य गोत्रे आहेत. प्रत्येक गोत्राचे पुढे पाडे पडतात. पाडा म्हणजे एका ज्ञात पूर्वजापासून निघालेली शाखा. चव्हाणांचे पालतिया, कोर्रा, मूड, लावडिया, केळूत आणि सपावट असे सहा पाडे मोजले जातात आणि ही गणना तांड्यातील जाणत्या माणसांना तोंडपाठ असते. रामावत, खेतावत, रणसोत यांसारख्या नावांतील 'आवत' आणि 'ओत' हे प्रत्यय वंशज असा अर्थ दाखवतात, आणि राजस्थानातील शेखावत, कुंपावत यांसारख्या कुळनावांतही तेच आढळतात. पाड्याच्या नावातच एका विशिष्ट पूर्वजाचे नाव गोठलेले असल्याने, तो पूर्वज कितव्या पिढीतला हे वंशावळीवरून मोजता आले, तर शाखा फुटण्याचा काळ स्थूलमानाने ठरवता येतो.

ही माहिती टिकून राहिली ती केवळ आदराने नव्हे, तर व्यवहाराच्या गरजेने. एका गोत्रातील सर्व माणसे भाऊबंद मानली जात असल्याने गोत्रात सोयरीक होत नाही, आणि म्हणून मुलाचा किंवा मुलीचा विवाह ठरवताना दोन्ही पक्षांचे गोत्र व पाडा अचूक सांगावा लागतो. नाईक, कारभारी आणि हसाबी-नसाबी, म्हणजे तांड्यातील तंटे ऐकून निवाडा करणारी जाणती मंडळी, यांच्या बैठकीत चुकीची वंशावळी टिकत नसे. जिच्या चुकीची किंमत समाजाला मोजावी लागते, ती स्मृती अधिक काळजीपूर्वक जपली जाते, आणि बंजारा वंशावळीची विश्वसनीयता मुख्यतः या नियमातून आलेली आहे.

वंशावळी सांगण्याचा अधिकार परंपरेने ढाडींकडे होता. ढाडी म्हणजे चारणांच्या कुळांची कीर्ती आणि नामावळी गाणारा वर्ग. तो तांड्याचाच भाग असूनही प्रतिष्ठेच्या क्रमात इतर विभागांच्या खाली मानला जात असे. आश्रयदात्या कुळाकडे लग्नाच्या वा उत्सवाच्या प्रसंगी येऊन, तंतुवाद्याच्या साथीने त्या कुळाच्या मूळपुरुषापासून यजमानापर्यंतची नावे गाणे आणि त्याबद्दल बिदागी घेणे, हा त्यांचा व्यवसाय होता. या ढाडींच्या स्वतःच्या आचारातही धर्मांतराची एक लक्षणीय स्मृती जपलेली आढळते. कंबरलेजच्या नोंदीनुसार ते सरस्वतीची पूजा करत आणि लग्नाच्या वेळी गाजी व गंधा यांच्या नावाने बोकड अर्पण करत. गाजी आणि गंधा हे मुसलमान झालेल्या आद्य भाटाचे दोन मुलगे, असे ते सांगत. विद्येची हिंदू देवता आणि मुसलमान पूर्वज हे दोन्ही एकाच विधिपरंपरेत मान पावतात, यावरून जुन्या कुळांच्या धर्मसंबंधांवर आजच्या जनगणनेतील स्वतंत्र रकाने लादणे किती चुकीचे आहे, ते कळते. ज्यांनी इतरांच्या पूर्वजांची नावे जपली, त्या ढाडींच्या स्वतःच्या पूर्वजांकडे मात्र अभ्यासकांनी फारच कमी लक्ष दिले, आणि ही उणीव भरून निघणे अगत्याचे आहे.

मौखिक परंपरेच्या सर्वांत वरच्या थरात पुराणकथा येते. चारणांच्या कथेप्रमाणे मोटा आणि मोला हे दोघे भाऊ श्रीकृष्णाच्या गाई राखत. मोटापासून मारवाडी, मथुरिया आणि लभाण झाले, आणि निपुत्रिक मोलाने तीन मुले दत्तक घेऊन चारणांची गोत्रे चालवली. या कथेतून सन किंवा ठिकाण काढण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. तिच्यातून दिसते ते निराळे सत्य आहे : पशुपालनाशी आपले नाते मूलभूत आहे, लदेणीचे सर्व वर्ग परस्परांचे नातलग आहेत आणि वेगवेगळी गोत्रे दत्तकविधानातून एका समाजात आली आहेत, ही समाजाची स्वतःविषयीची धारणा त्यात आहे. गोत्रे मुळात भिन्न होती आणि ती एकत्र आणली गेली, ही कथेतील कबुली इतिहासाच्या दृष्टीने विशेष मोलाची आहे, कारण व्यवसायाभोवती समाज घडत गेल्याची ती आतून आलेली साक्ष आहे.

दैवतांचे साधन याहून अधिक भौगोलिक आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या ग्रंथात बंजाऱ्यांच्या दैवतांत गुरू नानक, बालाजी, मरिअम्मा, तुळजादेवी, सामकी माता, मिठ्ठू भूकिया आणि सेवाभाया यांची नावे दिली आहेत. ही यादी नकाशावर मांडली, तर लदेणीच्या प्रदेशाची व्याप्ती लक्षात येते. गुरू नानकांची भक्ती उत्तरेकडील संबंध दाखवते, आणि त्या संबंधाला शीख इतिहासातही आधार आहे : १६६४ मध्ये बकाला येथे गुरू तेगबहादूर यांची ओळख जगापुढे आणणारा मख्खनशाह लबाणा हा व्यापारी होता, आणि १६७५ मध्ये दिल्लीत गुरूंचा वध झाल्यावर त्यांच्या देहाला अग्नी देण्यासाठी स्वतःचे घर पेटवणाऱ्या लखीशाहला वणजारा म्हणून ओळखले जाते. जेथे हे घडले, तेथे आज दिल्लीतील रकाबगंज गुरुद्वारा उभा आहे. बालाजीची भक्ती दक्षिणेकडे बोट दाखवते. तिरुमलेच्या हाथीरामजी मठाकडे १८४३ पासून सुमारे नव्वद वर्षे त्या देवस्थानाचा कारभार होता, आणि त्या मठाचे मूळपुरुष हाथीरामबाबा यांना बंजारा समाज आपले मानतो. मरिअम्मा ही दक्षिणेतील ग्रामदेवता, तर तुळजादेवी मराठवाड्याची. यवतमाळच्या एखाद्या तांड्यात ही सर्व नावे एकाच प्रार्थनेत येतात, तेव्हा त्या प्रार्थनेत पूर्वजांचा शतकानुशतकांचा संचार साठलेला असतो.

या साधनाचा वापर करतानाही मर्यादा पाळावी लागते. नानकांचे नाव घेणारे प्रत्येक कुळ कधीतरी शीख होते, किंवा बालाजीला नवस बोलणाऱ्या प्रत्येक कुळाचा पूर्वज तिरुपतीला राहिला होता, असा निष्कर्ष काढता येत नाही. एखादे दैवत लग्नसंबंधातून, गुरूच्या उपदेशातून किंवा एकत्र चालणाऱ्या दुसऱ्या तांड्याकडूनही येऊ शकते. म्हणून सर्व समाजाला समान असलेली दैवते आणि एखाद्या पाड्याचीच असलेली दैवते यांत भेद करावा लागतो. सती गेलेल्या एखाद्या स्त्रीची किंवा पराक्रमी नाईकाची पूजा जर मोजक्याच कुटुंबांत होत असेल, तर तिचे मूळ ठिकाण शोधणे हा त्या कुटुंबांच्या प्रवासाचा जवळचा पुरावा असतो. जी दैवते सर्वांची आहेत, ती समाजाची वाट सांगतात. जी थोड्यांची आहेत, ती कुळाची वाट सांगतात.

यवतमाळच्या दृष्टीने या दैवतांत सेवाभाया म्हणजेच सेवालाल महाराज यांचे स्थान मध्यवर्ती आहे. परंपरेनुसार त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ रोजी रामावत राठोड कुळात भीमा नाईक आणि धरमणी यांच्या पोटी झाला. जन्मस्थान म्हणून आंध्र प्रदेशातील गुत्तीजवळचे सेवागड आणि कर्नाटकातील सूरगोंडनकोप्प या दोन्ही ठिकाणांचा मान राखला जातो. ते आजन्म अविवाहित राहिले, तांड्यांबरोबर दख्खनभर फिरले आणि व्यसनमुक्ती, सत्य व परस्परसहाय्य यांचा उपदेश करत राहिले. त्यांचे देहावसान दिग्रस तालुक्यातील रुईगड येथे झाले आणि समाधी शेजारच्या वाशिम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे आहे, असे परंपरा सांगते. आंध्र किंवा कर्नाटकात जन्म, वऱ्हाडात अखेर आणि मधल्या सर्व प्रदेशांत आठवणींची स्थाने, हा एका संताचा जीवनक्रम म्हणजे अठराव्या शतकातील चारण तांड्यांच्या संचाराचाच आराखडा आहे. यवतमाळच्या कुळांचे पूर्वज सर्वच थेट उत्तरेकडून वऱ्हाडात आले, अशी सोपी समजूत यामुळे टिकत नाही. अनेक कुळे आधी दक्षिणेत खोलवर गेली आणि तेथून गोदावरी व पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात स्थिरावली, ही शक्यता प्रत्येक वंशावळीच्या बाबतीत तपासावी लागते. तांड्यातील मंदिरासमोर जगदंबेचा लाल आणि सेवालाल महाराजांचा पांढरा असे दोन ध्वज असतात, आणि रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत महाराष्ट्र, तेलंगणा, आंध्र आणि कर्नाटकातील तांडे एकत्र येतात, तेव्हा दूर गेलेल्या शाखांची परस्परांशी गाठ पडते. पूर्वजशोधाच्या दृष्टीने ही यात्रा माहितीचे जिवंत केंद्र आहे.

लदेणीचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपला. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, पक्के रस्ते झाले, १८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि पुढे १९१३ मध्ये मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडीही सुरू झाली. कापसाच्या व्यापाराला गाड्या आणि रेल्वे मिळाल्यावर पाठीवर ओझे वाहणाऱ्या बैलाचे महत्त्व उरले नाही. व्यवसाय गेल्यावर तांडे जंगलाच्या आणि पडीक जमिनीच्या कडेला थांबले. काहींनी गुरे राखली, काहींनी लाकूड व गवत विकले, आणि पुष्कळांनी जमीन मोडून शेती सुरू केली. याच काळात शासनाने फिरत्या समाजांकडे संशयाने पाहिले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणि त्याच्या पुढील विस्ताराने देशातील अनेक फिरत्या समाजांना जन्मतः संशयित ठरवले. हा कायदा रद्द होऊन त्या जमाती विमुक्त होण्यास ३१ ऑगस्ट १९५२ ची वाट पाहावी लागली. कंबरलेज हा पोलिस अधिकारी होता, आणि त्याच्या लेखनात कुळांच्या परंपरा व गुन्ह्यांच्या पद्धती शेजारी-शेजारी येतात, याचे कारण त्याच्या नेमणुकीत आहे. मिठ्ठू भूकियाच्या पूजेचे त्याने केलेले वर्णन हे दरोड्याच्या तयारीचे वर्णन म्हणून येते. तीच पूजा करणाऱ्या कुटुंबाला तिचा कोणता अर्थ अभिप्रेत होता, हे विचारण्याचे त्याला कारण नव्हते. त्याने नोंदवलेली नावे आणि विधी अमूल्य आहेत, परंतु त्यांवर त्याने दिलेला निवाडा अभ्यासकाने स्वीकारू नये. १९३० च्या दशकात बळीराम पाटील यांनी गोर बंजारा लोकांचा इतिहास लिहिला, तेव्हा समाजाच्या आतून हा प्रश्न मांडला जाऊ लागला.

स्थिर झालेल्या तांड्याबरोबर तिसरे साधन, म्हणजे कागद, सुरू होते. विदर्भात गावातील जन्म-मृत्यूंची नोंद कोतवाल ठेवत असे आणि त्या वहीला कोतवाल बुक म्हणतात. तिच्यात नाव, बापाचे नाव, जात आणि तारीख मिळते, आणि जुनी पाने बहुधा मोडी लिपीत असतात. याला शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जमाबंदीच्या मिसली आणि १९५४-५५ चे अधिकार अभिलेख यांची जोड मिळते. हे कागद शोधताना प्रशासकीय सीमांचा इतिहास माहीत असावा लागतो. १८६४ मध्ये बनलेला हा जिल्हा प्रथम आग्नेय वऱ्हाड आणि नंतर वणी या नावाने ओळखला जात असे. १९०५ मध्ये तत्कालीन वाशिम जिल्हा मोडून पुसद तालुका याला जोडला गेला, तेव्हा त्याचे नाव यवतमाळ झाले. त्यामुळे पुसद भागातील कुटुंबाची १९०५ पूर्वीची नोंद वाशिम जिल्ह्याच्या दप्तरात शोधावी लागते. पैनगंगेपलीकडचा मुलूख निजामाचा होता आणि किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते. म्हणून नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या एकाच कुळाचे अर्धे कागद मराठीत आणि अर्धे उर्दूत सापडतात.

आडनावांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. महाराष्ट्रात स्थिरावलेल्या कुळांनी बहुधा गोत्राचे नाव आडनाव म्हणून लावले, तर तेलंगणात पाड्याचे नाव आडनाव झाले. परिणामी पुसदचा राठोड आणि आदिलाबादचा भूक्या हे एकाच गोत्राचे असूनही कागदावर परके दिसतात, आणि उलट पवार, चव्हाण, जाधव ही आडनावे मराठा व इतर समाजांतही असल्याने केवळ आडनावावरून केलेली जुळणी फसवी ठरते. तांड्याचे नाव नाईकाच्या नावावरून पडत असल्यामुळे नाईक बदलल्यावर वस्तीचे नावही बदललेले आढळते. नावे अशी बदलण्याचे सर्वांना परिचित उदाहरण पुसद तालुक्यातील गहुलीचे आहे. चतुरसिंग राठोड यांनी ही वस्ती उभी केली आणि तिचे नाईकपण त्यांच्याकडे आले. त्यांचे पुत्र फुलसिंग नाईक आणि १ जुलै १९१३ रोजी जन्मलेले नातू, ज्यांचे बालपणीचे नाव हाजूसिंग होते, ते वसंतराव नाईक. ५ डिसेंबर १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री राहिलेल्या या नेत्याच्या घराण्यात गोत्रनामाऐवजी पदनाम हेच आडनाव झाले, तर हाजूसिंगचे वसंतराव हे रूपांतर एका पिढीतच घडले. ज्याला घराण्याचे गोत्र माहीत नाही, तो शोधक आजोबांचे नाव समोर असूनही त्यांना ओळखणार नाही. अशा वेळी ढाडीची वंशावळीच कागदाचा अर्थ लावून देते.

या तीनही साधनांचा संयोग कसा करावा, हे त्यांच्या स्वरूपावरूनच ठरते. शोध वर्तमानातून मागे न्यावा. जिवंत वृद्धांकडून तीन-चार पिढ्यांची नावे, गोत्र, पाडा आणि सोयरिकीची गावे लिहून घ्यावीत. ती कोतवाल बुकाशी ताडून पाहावीत. कागद जेथे संपतो तेथून वंशावळी हाती धरावी. आणि वंशावळीत येणारी गावे व नाईकांची नावे पाड्याच्या दैवतस्थानांशी जुळतात का, ते पाहावे. जेथे तीनही साधने एकच दिशा दाखवतात, तेथे विधान ठामपणे करावे. जेथे ती परस्परविरोधी आहेत, तेथे विरोध तसाच नोंदवावा, कारण दोन शाखांनी एकच पूर्वज वेगळ्या प्रकारे आठवणे हीसुद्धा इतिहासातील घटना असते. राजस्थानातील एखाद्या प्रसिद्ध राजकुळाशी थेट नाते जोडण्याचा मोह या शोधात नेहमी होतो. बैलांच्या पाठीवरून दुष्काळी मुलखात धान्य पोहोचवणाऱ्या पूर्वजाला मात्र प्रतिष्ठेसाठी राजाच्या वंशाची गरज नाही.

या शोधाला आजच्या जीवनातही व्यावहारिक महत्त्व आहे. महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींत गणला जातो आणि जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, तर तेलंगणात तोच समाज अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत आहे. एका पूर्वजाचे वंशज तीन राज्यांत तीन प्रवर्गांत विभागले गेले असताना, त्यांचे एकत्व दाखवणारा सर्वांत सबळ पुरावा म्हणजे समान पाडा, समान दैवते आणि समान बोली. ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने १९०७ मध्येच या बोलीची वेगवेगळ्या प्रांतांतील रूपे एकाच शीर्षकाखाली मांडली होती. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा वारशाचे संग्रहालय उघडले गेले, हे योग्य दिशेने पडलेले पाऊल आहे.

संग्रहालयातील वस्तू टिकतात, पण वंशावळी गाणाऱ्या माणसाबरोबर वंशावळी जाते, आणि तिची दुसरी प्रत कोणत्याही कचेरीत नसते. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांनी, इतिहास व मराठी विभागांनी आणि स्वतः तांड्यांतील शिकलेल्या तरुणांनी ढाडींचे गायन ध्वनिमुद्रित करणे, त्यातील नावे गोत्र-पाड्यानुसार मांडणे आणि त्यांच्याशेजारी मोडी व उर्दू दप्तरांतील नोंदी ठेवणे, हे काम आता हाती घेतले पाहिजे. त्यात गायकाचे नाव, त्याचे कुळ आणि त्याचा मोबदला यांचीही नोंद असावी. पेनसिल्व्हेनियातील सभेच्या वहीला जे मोल आहे, तेच ढाडीच्या गायनाला आहे. फरक इतकाच की वही जपण्यासाठी दोन-तीन शतके माणसे नेमली गेली, आणि ढाडीला त्याच्या वृद्धापकाळी कुणी विचारले नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या इतरांचे धान्य इतरांच्या दारी पोहोचवले, त्याच्या पूर्वजांची नावे पुढच्या पिढीपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी या भूमीवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या सर्वांची आहे.